तेविसावी किल्ली

२ जानेवारी, शुक्रवार
संकल्प: १) बिनसाखरेचा चहा. २) रोज मोजक्या ओळी. ३) सायकलीचा छडा तीन आठवड्यांत.
सायकल आजच मिळाली. शाळेची अडगळीची खोली पाडताहेत. भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलेली सायकल मी उतरवून घरी आणली. जुनी रेसर आहे. वाकडं हँडल, बारीक टायर, फ्रेमवर इंग्लंडचा शिक्का. मागच्या चाकातून साखळी, तिला पितळी कुलूप. किल्ली नाही. हीरक महोत्सवाचं काम बघणारी वैष्णवी मॅडम म्हणाली, "बाई, ग्राइंडरनं कापू या." मी म्हटलं, तो पुरावा आहे, हात लावायचा नाही.
२६ तारखेला शाळेत माजी मुख्याध्यापिका म्हणून माझा सत्कार आहे. त्याच दिवशी सायकल प्रदर्शनात ठेवायची आणि तिचा इतिहास मी भाषणात सांगायचा. फलकाचा मजकूर तयार आहे. फक्त मालकाच्या नावाची जागा मोकळी.

५ जानेवारी, सोमवार
इंग्लंडमधल्या जुन्या सायकलींच्या एका क्लबला फ्रेमचा नंबर ईमेल केला. उत्तर संध्याकाळपर्यंत यावं.
संध्याकाळ ७. आलं नाही. तिकडे शिस्त उरलेली दिसत नाही.
माझा अंदाज: दौंडचा कुणी गोरा रेल्वे गार्ड. अंदाज नव्हे, खात्री.

६ जानेवारी
हौसराव येऊन गेले. शाळेचे निवृत्त शिपाई, बावीस वर्षं माझ्या हाताखाली. व्हरांड्यातली सायकल बघून पायरीवरच थांबले. बघत होते ते सायकलीकडे नाही, साखळीकडे. "बाई, टेम्पोतच ऱ्हाऊ द्यायची हुती." का, म्हणून विचारलं. "तुम्हास्नी खरंच आठवत न्हाई?"
मला १९७९ च्या दहावी ब चा हजेरीपट पाठ आहे. पहिली दहा नावं म्हणून दाखवली. ते चहा न घेता गेले. वय झालं बिचाऱ्यांचं.

७ जानेवारी
सायकलीचं हँडल काल भिंतीकडे होतं. आज दाराकडे वळलेलं. फरशीला उतार असणार. चाकाखाली वीट लावली.

९ जानेवारी, शुक्रवार
क्लबचं उत्तर आलं! सायकल १९५७ ची. मागवणारा रेल्वेचा माणूस, पत्ता दौंड. माझी खात्री खरी ठरली. आता नाव मिळवणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम.
वीट बाजूला सरकली आहे. मांजर असावं.

१२ जानेवारी
वैष्णवीनं सायकलीचा फोटो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. एकशे ऐंशी मंडळी. एरवी पहाटेपासून गुलाबाची फुलं आणि सुविचार. आज सगळ्यांनी फोटो बघितला, एकानंही काही लिहिलं नाही. दिवसभर ग्रुप चिडीचूप. संध्याकाळी कुणा सारिकानं दोनच शब्द टाकले: "बाईंना विचारा."
एवढी वर्षं झाली, तरी आदर टिकून आहे.

१३ जानेवारी, मंगळवार
एस.टी.नं दौंड. स्टेशनजवळचं सर्वांत जुनं सायकलचं दुकान. मालक तात्याबा, ऐंशीच्या पुढचे. फोटो बघताच ओळखली. गार्डसाहेब रिटायर होऊन निघाले तेव्हा सायकल जयसिंगला देऊन गेले. जयसिंग म्हणजे दुकानातला पंक्चर काढणारा कारागीर, न्हावऱ्याचा. "पर चालवायची त्याची पोरगी, नकुशी. न्हावऱ्याहून शिरूरला शाळंत. यष्टीच्या आधी पोचायची. ड्रायव्हर लोकं हारन देऊन सलाम ठोकायची तिला. पुण्याच्या रेसला नाव बी घातलं हुतं." पुढे काय झालं, विचारलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोन्च्या शाळंच्या?" सांगितलं.
हातातला पाना खाली ठेवला. "मंग मला कशाला इचारता, बाई? फुडलं तुमच्याकडंच हाय की."
शटर अर्धं ओढलं. दुपारचे बारा वाजले होते. अशानं धंदा चालतो का?

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ द्यायला कुणी आलं नाही. बरंच झालं, भाषण नव्यानं लिहिलं. "आमच्या शाळेनं खेड्यातल्या एका मुलीला वेगाचे पंख दिले." उत्तम वाक्य. वैष्णवीनं दोनदा वाचलं. "बाई, हे असंच छापायचं?" असंच, म्हटलं.

१७ जानेवारी, शनिवार
सकाळी ११ वाजता फोन. बाईचा आवाज. "सायकल हाय का अजून?" आहे, म्हटलं. "आन् साखळी?" तीही आहे, आपण कोण? मागे उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी वाजत होती. "येते सव्वीसला," म्हणाली. फोन बंद.
स्वतःचं नाव आधी सांगावं, एवढी साधी रीत राहिलेली नाही.

१९ जानेवारी
निवृत्तीच्या वेळी शाळेच्या किल्ल्यांचं जुडगं माझ्याकडेच राहिलं होतं. शाळेनं मागितलं नाही. तेवीस किल्ल्या. एक शक्यता बाद करावी म्हणून लावून पाहिल्या. बावीस लागल्या नाहीत. तेविसावी उद्या. उजेड कमी आहे.

२० जानेवारी
ढगाळ. किल्ली उद्या.

२१ जानेवारी
डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. चहात चुकून साखर पडली. एक चमचा.

२२ जानेवारी, गुरुवार
तेविसावी लागली. जुनी कुलुपं कुठल्याही किल्लीनं उघडतात. पुन्हा लावून टाकलं आणि हौसरावांना बोलावून घेतलं.
ते उभ्यानंच बोलले. "साखळी म्याच लावली हुती. शाऐंशी साली, बेस्तरवारी. तुम्हीच लावाय सांगितली, नकुशी सलवार गुडघ्यापतुर खोचून दांडीच्या सायकलवर येती, समद्या गावादेखत. ऐतवारी तिची रेस. जयसिंग तीन डाव आला, टोपी हातात धरून. तुम्ही म्हणला, परीक्षा झाल्यावर न्या."
मग?
"मग काय. सायकल न्हाई तर पोरगी येनार कशी? घरी बसली. परीक्षेच्या आधीच पाटसला लगीन करून दिली."
मी त्यांना नियम समजावून सांगितला. जप्त केलेली वस्तू परीक्षा झाल्यावर परत. मुलगी परीक्षेला बसलीच नाही. मग परत कशी देणार?
"व्हय," हौसराव म्हणाले. "कशी देनार."
चहा आजही घेतला नाही.

२४ जानेवारी, शनिवार
फलकावर नाव घालायला पेंटर आला होता. नाव सांगता येईना. परत पाठवला.
भाषणातून ते पंखांचं वाक्य काढलं. मग भाषण उरलंच नाही.
हँडल दाराकडे. आता वीट लावत नाही.

२६ जानेवारी, सोमवार
सायकल सकाळीच शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शनात नेऊन ठेवली. झेंडावंदन, सत्कार, शाल, श्रीफळ. कार्यक्रम लांबला म्हणून भाषण दोन वाक्यांत आटोपलं. नंतर माजी विद्यार्थी रांगेनं पाया पडत होते. रांगेत शेवटी एक बाई. पिकलेले केस, उसाच्या पाचटानं चिरलेले हात. वाकली नाही. वर्गात मुली वही मागतात तसा हात पुढे केला.
"बाई, परीक्षा झाली म्हनायची आता. न्यू का सायकल?"
हॉलमध्ये दीडदोनशे माणसं. कुलूप उघडायला वेळ लागला. किल्ली दोनदा उलटी घातली. कुलूप जुनं. तिनं साखळी ओढून काढली, नीट गुंडाळली, माझ्या ओंजळीत ठेवली. "ही तुमची." टायर कधीच विरलेले. हातानं ढकलतच घेऊन गेली, न्हावऱ्याच्या रस्त्याला. फाटक हौसरावांनी धरलं होतं.
फलक अजून तिथेच आहे. मालकाच्या नावाची जागा मोकळी. खाली 'सौजन्य' म्हणून माझं नाव.

सायंकाळ ६. चहा. दोन चमचे साखर.
कुलपाची किल्ली काढून टाकली. जुडग्यात बावीस उरल्या. एकेक हातात घेऊन बघितली. कुठली कशाची, काही आठवत नाही.