कथेतल्या वेडीचं जेवण

माय,

संपादकांचं पत्र काल आलं. माझी कथा चांगली आहे, मासिकात छापू म्हणतात. फक्त दोन गोष्टी बदलायच्या. कथेतल्या बाईला वेड का लागलं ते कळत नाही, तेव्हा एखादा आघात घालावा; मूल गेलेलं दाखवलं तरी चालेल. आणि शेवटी ती पुन्हा भाकरी थापायला बसते, हा काही शेवट नव्हे. तिनं विहिरीत उडी घ्यावी. ती बाई तू आहेस.

तुझे गप्प दिवस जसे होते तसेच मी लिहिले होते. वर्षातून एकदा, कधी दोनदा, तू बोलणं बंद करायचीस. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तुलाही नसावं. पंधरा-वीस दिवस तू चुलीपाशी भिंतीला टेकून सुपात तूर निवडत बसायचीस, निवडलेलीच पुन्हा. शेजारची काकी न विचारता आत यायची, परात ओढायची आणि भाकरी थापता थापता म्हणायची, "काय वो, आज बी तोंडाले कडी? राहू दे. दोघींचं मीच बोलतो. तू निस्ती मान हालव, नाई त लोक मलेच येडी म्हनतीन." तुझी मान हलायची. मग एखाद्या सकाळी तू आपणच उठून चूल पेटवायचीस, आणि काकी कमरेला पदर खोचून आपल्या घरी जायची. एवढंच.

पुस्तकांत हे कुठेच नाही. कॉलेजात मी अधाशासारखं वाचलं. वेडी असते ती केस मोकळे सोडून माळावर गाते, आणि प्रियकर दिसला की एका किंकाळीत शहाणी होते. लंगडा असतो तो कारस्थानी. आंधळा देवमाणूस, त्याला जन्मात कुणाचा राग येत नाही. मुका नोकर मालकासाठी मरायलाच जन्मलेला. लेखकाला कथा चालवायला कुबडी लागते, ती तो अशांच्याच बगलेतून काढून घेतो, आणि वर त्याला करुणा म्हणतात. मला किळस येते.

मॅट्रिकच्या वर्षी मी तुला एक कादंबरी वाचून दाखवत होते. वेडी राजकन्या बारा वर्षं जंगलात भटकते, तो भाग. मी अगदी रंगून वाचत होते. सतरा दिवस न बोललेली तू सूप थांबवून म्हणालीस, "तिले जेवाले कोन देते वो?"

मी चिडले. "पुस्तकात नाही ते."

"मंग लिवनाऱ्यानं इचारलं नाई काय तिले?"

काकी परातीवरून हसली. "सतरा दिसानं बोलली, अन् जेवनाचंच बोलली!" तूही हसलीस. मला मात्र वाटलं, या अडाणी बाईला कादंबरी काय कळणार. बहुधा तसं बोललेही. पुढे बी. ए. होईपर्यंत एवढा नेमका प्रश्न मला कुठल्या प्राध्यापकानं विचारला नाही.

विहिरीचं म्हणशील तर तिथे तू रोज जायचीस, आणि पाणी घेऊन परत यायचीस. तू तापानं गेलीस, त्याला सहा वर्षं झाली.

आज मी संपादकांना लिहिलं, कथा परत पाठवा. आपल्या घरात कुणाचं नाव छापून येण्याची ही पहिलीच वेळ होती. बाबांनी गावभर सांगून ठेवलंय. रोज विचारतात, "कवा येते वो तुह्यं नाव?" त्यांना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

उद्या टपालात पडेल ते संपादकांचं पत्र, हे नाही. म्हणून इथे सांगते. अकोल्याच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी बाबांचं कार्ड आलं, तुझी माय पुन्हा गप्प झाली. खोलीतल्या मुलींनी ते वाचलं आणि विचारलं, असं का गं होतं तिला? मी म्हटलं, माझा धाकटा भाऊ दगावला, तेव्हापासून. त्यांनी डोळे पुसले. एकीनं मला जवळ घेतलं. मला बरं वाटलं.

माझ्यानंतर तुला मूल झालंच नाही. त्या भावाला मी नावसुद्धा दिलं होतं.