बसथांब्याची पाटी आणि माझी तत्त्वं

३ नोव्हेंबर
आजपासून नियमित लिहायचं. बसथांब्यावरच्या पाटीला पुढची बस किती मिनिटांत ते सांगणारा प्रोग्राम मी बारा वर्षांपूर्वी लिहिला आणि जगाला मोकळा दिला. कुणीही घ्या, बदला, वापरा. फिनलंडातली निम्मी शहरं वापरतात. पैसे कधी घेतले नाहीत. युनिव्हर्सिटीचा पगार पुरतो.

७ नोव्हेंबर
एका कंपनीची मेल. दुरुस्त्या करणाऱ्याला दरमहा पैसे देऊ म्हणतात. नेहमीचं उत्तर धाडलं : कोड खुला आहे, स्वतः दुरुस्त करून पाठवा. हे लिहिताना दर वेळी छान वाटतं.

८ नोव्हेंबर
कुओपिओ शहरातून सायमीचा फोन. ती मला दुरुस्त्यांत मदत करते. म्हणजे हल्ली सगळ्या तीच करते, मी दिशा देतो. सकाळी इस्पितळात फरशा पुसते, संध्याकाळी कोड. विचारत होती, ते पैसे मला का नाही चालणार? तत्त्व समजावलं. पैसा आला की प्रेम जातं. म्हणाली, अरे ताउनो, प्रेम माझंही आहे रे, पण घरमालक ते भाड्यात धरत नाही. सायमी मुळात विनोदी.

२ डिसेंबर
फरशीच्या गार पाण्यानं सायमीची बोटं आखडतात, टाइप होत नाही म्हणे. वाईट वाटलं. लोकरीचे हातमोजे घेतले. उद्या पोस्टात.

६ डिसेंबर
फिनलंडचा स्वातंत्र्यदिन. रिवाजाप्रमाणे खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या आणि कोडच्या स्वातंत्र्यावर लांबलचक मजकूर सगळ्यांना पाठवला. सायमीचं उत्तर नाही. कामात असेल. हातमोजे पाठवायचे राहिले.

९ जानेवारी
सायमी त्या कंपनीत लागली. पगारी! आमच्या कोडची नक्कल घेऊन तिकडे पुढे चालवणार. म्हणाली, चिडू नकोस, कुणीही घ्या असं तूच लिहून ठेवलंयस ना. मी चिडलो नाही. फोन फक्त आपटला. आठवड्यात येईल परत.

२० जानेवारी
आली नाही. शहरंही एकेक करून तिकडे चालली. बरंच आहे, गर्दी कमी झाली. दुरुस्त्या आता मीच करणार. उद्यापासून.

२८ जानेवारी
उद्यापासून नक्की.

४ फेब्रुवारी
उणे चोवीस अंश. आमच्या थांब्यावरची पाटी अजून माझाच कोड चालवते. बस दोन मिनिटांत. पाऊण तास दोनच मिनिटांत. शेजारच्या हिल्काबाई काठी आपटत म्हणाल्या, ज्यानं ही पाटी केली ना, त्या मेल्याला आणून उभा करा इथे. मी उभाच होतो. सायमीसाठी घेतलेले हातमोजे बोटांत शिरेनात.

५ फेब्रुवारी
कंपनीच्या तक्रारींच्या पानावर निनावी विचारलं, ही चूक तुमच्याकडे सुधारली आहे का? दहा मिनिटांत सायमीचं उत्तर. तिनं ओळखलंच. कोड खुला आहे, स्वतः दुरुस्त करून घे. खाली लिहिलंय, बोटं आता बरी आहेत.
तिची दुरुस्ती उघडली. कळली नाही. मग आमचा जुना कोड उघडला. वर माझं नाव, आणि खाली पानंच्या पानं तिची. तेही कळेना. भीती वाटली.

६ फेब्रुवारी
बस खात्याला स्वतःच कळवलं, त्या कंपनीचा कोड घ्या. उत्तर आलं, जानेवारीतच ठरलंय, सोमवारी बदलतोय.
हातमोजे पाकिटात घालून पोस्टाकडे निघालो. थांब्यावर पाटी म्हणत होती, दोन मिनिटं. चालत गेलो.