दोन नंबर इंजिनाची दुरुस्त नोंद

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, गॅस इंजिनांचा निवृत्त मिस्त्री, गुडघे सोडून बाकी शाबूत आणि डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने ही व्यवस्था लिहून ठेवतो.

आमच्या गावापर्यंत विजेची लाइन कधी आलीच नाही. इस्पितळ, बर्फाचा कारखाना आणि घराघरातला दिवा तीन गॅस जनरेटरांवर चालतो. इतर ठिकाणी जनरेटर अडीअडचणीला लावतात. आमचे बारा महिने चोवीस तास चालतात. तेल, प्लग, फिल्टर सगळे ठरल्या तासांना बदलायचे, तेही आळीपाळीने एकेक इंजिन थांबवून. एकतीस वर्षांत इस्पितळ मी एक मिनिटही अंधारात जाऊ दिले नाही. याचा मला अभिमान आहे आणि त्यात कोणाला वाटा मिळणार नाही.

१. दोन खोल्यांचे घर व बँकेतली शिल्लक पत्नीची, तिच्यामागे मुलीची. भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे, ते तसेच ठेवावे. त्याच्या जोरावरच मी पाळीला कधी उशिरा पोचलो नाही.

२. मी कामाला लागलो तेव्हा साडूभाऊंनी "लागतील तुम्हाला" म्हणत मेणबत्त्यांचा पुडा दिला होता. तो न फोडता परत करावा. सोबत माझा नमस्कार सांगावा.

३. व्हॉल्व्हची फट मोजायच्या पात्यांचा जुडगा, म्हणजे माझा फिलर गेज, मुलीला. ती माझ्याच हाताखाली शिकली आणि आज दुसऱ्या वीजघराची मुख्य मिस्त्री आहे. नऊ वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, "बाबा, दोन नंबरचा आवाज बसलाय. फट मोजा ना." गॅस इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू बैठकीत रुततो, फट मिटत जाते आणि टकटक कमी होते. नवख्याला वाटते, इंजिन सुधारले. मला, एवढ्या मुरलेल्या मिस्त्रीला, तेच वाटले. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "इंजिन शांत आहे, तूही शांत राहा."

चौथ्या दिवशी फट पुरती मिटली, व्हॉल्व्ह नीट बंद होईना आणि जळला. इस्पितळ लगेच एक नंबरवर घेतले, पण बर्फाचा कारखाना दोन दिवस बंद पडला. नोंदवहीत मी लिहिले, 'गॅस खराब.' आमच्याकडे प्रत्येक नोंदीला दुसऱ्याची 'तपासले' अशी सही लागते. ती तिने केली नाही, आणि महिन्याभरात गाव सोडून गेली.

४. काल मी इंजिनघरात जाऊन ती वही काढली. चुकीची नोंद आम्ही फाडत नाही. तिच्यावर एक रेघ मारून खाली खरे लिहितो. मी लिहिले: 'फट मोजली नाही. मुलीने आधी सांगितले होते. चूक माझी.' खाली सही केली. शेजारचा 'तपासले'चा रकाना मोकळा आहे. तिला पटले तर तिने येऊन सही करावी. हे कलम आजच टपालाने तिला पाठवत आहे. यासाठी माझ्या मरणाची वाट पाहायची नाही.

साक्षीदार: इस्पितळाच्या भूलतज्ज्ञ बाई (सही)
साक्षीदार: बर्फ कारखान्याचे फोरमन (सही)
लिहून ठेवणार: मिस्त्री (सही)
ठिकाण: इंजिनघर. मंगळवार, दुपारी, तिन्ही इंजिने चालू असताना.