खिंडीतले एकवीस दगड

३ ऑक्टोबर
शाळेतून निवृत्त होऊन घरी बसण्याचा माझा पिंड नाही. आज तट्टावरून खिंडीत पोहोचले. इथल्या वाटसरूंच्या विश्रामघराचा कारभार आता माझ्याकडे. हवा काय सुरेख! डोंगराच्या धारेवरची वाट मात्र पुसट झाली आहे. धुक्यात माणूस सरळ कड्यावरून जाईल. तट्टूवाला मोएलेत्सी म्हणाला, बाई, ही शाळा नाही, डोंगराला रांगेत उभं करू नका. माणूस चांगला आहे, पण पापा, म्हणजे इथली मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, करपवतो.

६ ऑक्टोबर
खिंडीत दगडांचा मोठा ढीग आहे. येणारा-जाणारा त्यावर एक दगड ठेवतो. त्यातलेच एकवीस उचलून मी धारेवर ओळीने मांडले, चुना फासला. आता वाट दिसते. मोएलेत्सीने हात लावला नाही. म्हणाला, धारेवरून पडून येणारं आपलं मरण माणूस त्या दगडात ठेवून जातो. तुम्ही एकवीस मरणं मोकळी सोडलीत. मी म्हटलं, मग तुमचं कुठलं ते दाखवा. चेष्टा त्याला रुचली नाही.

९ ऑक्टोबर
खालच्या गावातली म्हातारी मामोलिसे चुलीपुढे बसल्या जागी मेली. मी स्वतः पाहिली. कवटी फुटलेली, मांडीचं हाड कातड्याबाहेर. रक्त छपरापर्यंत. सून सांगत होती, आत कुणी आलंच नाही. सासू फक्त किंचाळली, धरा गं, मी पडतेय.

१० ऑक्टोबर
आणखी दोघे. एक मेंढ्या कातरताना, एक चर्चमध्ये उभा असताना. तसेच चिरडलेले. धारेवरचे तीन दगड दुभंगलेत. उरले अठरा. म्हणजे अठरा माणसं.
मोएलेत्सी म्हणतो, दगड ढिगावर परत ठेवता येतात, पण ज्याचा त्यानेच. दुसऱ्याने ठेवला तर ते मरण त्याच्या अंगावर. कुणाचा कुठला, कोण ओळखणार? कितव्या दगडाला संपाल सांगता येत नाही, बाई. घरी जा.

११ ऑक्टोबर, सकाळ
उचलले मी. ठेवणारही मीच.
पहिला ठेवला. बरगड्या — कटकन. श्वास येतो. पुढचा.

दुपार
अकरा. डावा हात लोंबतोय. एक डोळा गेला. मोएलेत्सी रडतोय, शिव्या देतोय — हट्टी म्हातारे, त्यात एक माझा आहे, तो तरी मला — पण कुठला ते त्यालाही माहीत नाही. त्याला दटावलं, हात मागे.

सतरा. पाय — नाहीतच जणू. सरपटत. आज गावात कुणी मेलं नाही.
शेवटचा. ढीग हातभर दूर. हात उरलाय एकच. लेखणी सोडल्याशिवाय दगड धरता येत नाही, म्हणून —