विझणाऱ्या क्वेसारचा सत्कार

तीर्थरूप मामांना,

तुम्हाला, मामीला आणि तुमच्या उजव्या गुडघ्याला (सध्या घरात सगळे त्याच्याच तंत्राने चालतात असं कळलं) साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे, म्हणजे या ओळीपर्यंत.

माझ्या शोधाबद्दल तुम्ही शनिवारी हॉल घेऊन सत्कार ठेवलात, आईने दीडशे माणसांना बोलावलं, ऐकून ऊर भरून आला. आता त्या शोधाविषयी थोडं. क्वेसार म्हणजे फार लांबच्या दीर्घिकेचं पोट. तिथलं कृष्णविवर आजूबाजूचं सगळं गिळतं आणि गिळता गिळता रेडिओलहरी फेकतं. (नाही मामा, त्यावर गाणी लागत नाहीत.) आमच्या अँटेनापर्यंत त्या इतक्या क्षीण होऊन येतात, की अँटेनाच्या मापावरही भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आम्ही अँटेना आधी एका स्थिर क्वेसारकडे वळवतो, मग ज्याचा अभ्यास करायचा त्या चंचल क्वेसारकडे, मग पुन्हा स्थिराकडे. तराजूत स्थिर ते वजन, चंचल ती भाजी. हे काम इतकं सोपं, की ते माझ्याकडे दिलं होतं.

तीन आठवड्यांत मला दिसलं, की माझा क्वेसार विझत चाललाय. आठशे कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरींनी नेमकी माझ्या नोकरीची वेळ साधावी, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली, मी आईला फोन केला, आईने तुम्हाला. पुढचं तुम्ही केलंतच. मग शेजारच्या टेबलावरच्या शंकेखोर बाईंनी (चहात साखर आहे का हेही त्या दोनदा तपासतात) माझी क्वेसारांच्या जागांची यादी मागितली आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. मी स्थिर आणि चंचल क्वेसारांच्या जागा उलट लिहिल्या होत्या. तीन आठवडे भाजीने वजन तोलत होतो. विझत कोणीच नव्हतं. चंचल भडकला होता, म्हणून त्याच्यापुढे स्थिर विझल्यासारखा दिसला. आणि चंचल खरोखरच भडकलाय, गेल्या दहा वर्षांत नाही इतका. म्हणजे शोध लागलाय, फक्त तो बाईंना. मला फार वाईट वाटलं, मामा. आई आठवडाभर पहिल्या रांगेतली खुर्ची ठरवतेय.

तुमचा (अजून तरी) भाचा

ता. क. कार्यक्रम रद्द करा. आईला तुम्हीच सांगा. थोरल्या भावाशी ती फार तर दोन दिवस अबोला धरेल.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच आईचा फोन आला आणि मी सगळं बोलून बसलो. ती म्हणाली, हॉल राहू दे, त्या मुलीला घेऊन ये, तिचा सत्कार करू. तेव्हा तुमच्या भाषणात माझ्या नावाच्या जागी बाईंचं घाला. आभार मी मानायचे आहेत म्हणे. चार ओळी लिहून पाठवा, माझ्याच्याने लिहवत नाहीत.