सावळारामच्या घरामागचं गरम पाणी

१० जानेवारी १९७४, भोर

शाळेतून रजा मंजूर झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "समुद्रावर निघालात? मजा आहे." मी नुसतं हो म्हटलं. काय सांगणार – नवऱ्याचे मेलेले पाय जिवंत करायला निघालोय म्हणून?

ह्यांच्या पलटणीतले सावळाराम भावजी परवा न्यायला येणार. त्यांचं घर महाडच्या पुढं, अगदी समुद्राला लागून. मागं गरम पाण्याचा हौद आहे. पाणी जमिनीतूनच ऊन येतं. मागल्या खेपेला सांगत होते, सांधे धरलेली माणसं त्यात बसून चालायला लागली. सांधे वेगळे, मणक्यात घुसलेला तोफगोळ्याचा तुकडा वेगळा, हे मलाही कळतं. पण हे एकदम म्हणाले, "जाऊ. छबूलाबी नेऊ, पोरगी समुद्र बघंल." लढाईवरून आल्यापासून ह्यांनी पहिल्यांदा काही मागितलं.

११ जानेवारी

सासूबाई येत नाहीत. "शेरडास्नी कोन बघंल?" शेजारच्या भामाबाई बघायला तयार आहेत, तरी नाहीच. दिवसभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. माझ्या साड्या मात्र घड्या घालून पिशवीत भरल्या.

१२ जानेवारी

पोचलो. वरंधा घाटात छबू सारखी ओकत होती. भावजींनी ह्यांना पाठुंगळी घेऊन एसटीत चढवलं, महाडला उतरवलं, दुसऱ्या गाडीत चढवलं. लोक बघतात. हे डोळे मिटून घेतात.

महाडला गाडीला वेळ होता. हे म्हणाले, "तळ्यावर जाऊन या." मी छबूला घेऊन गेले. पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्याले. माझे वडील तरणे असताना त्या सत्याग्रहाच्या गर्दीत इथं आले होते, ते छबूला सांगितलं. ती म्हणाली, "मग आजोबांनी बाबांसाठी काय मागितलं?" मागायला नव्हते आले ते, हक्कानं प्यायला आले होते. पण मलाही आज काही मागता आलं असतं तर बरं झालं असतं. कुणाकडे मागणार?

१३ जानेवारी

दोन खोल्यांचं कौलारू घर. माडाची झाडं. समुद्राचा आवाज भिंतीतून येतो, थांबतच नाही. हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. पाठीच्या जखमा प्रवासानं पुन्हा ओल्या झाल्या.

गावात गरम पाण्याचं जुनं कुंड आहे. मी विचारलं, तिथं का नाही जायचं? भावजी म्हणाले, "वहिनी, त्या कुंडात आपल्याला अजून कोण उतरू देतो? मला ओढ्याकाठी दुसरा झरा गावला. पन्हळी टाकून पाणी घरामागं आणलं." सिमेंटचा हौद स्वतःच्या हातानं बांधलाय. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. एकटेच राहतात. तांदळाच्या भाकऱ्या माझ्यापेक्षा चांगल्या थापतात. छबूनं पोटभर खाल्लं.

१४ जानेवारी

सकाळी ह्यांना हौदात बसवलं. भावजींनी मागून काखेत धरलं, मी समोर. पाण्यात पाय आपोआप वर आले. मी म्हटलं, "हलले!"

हे म्हणाले, "पानी हललं, चंद्रा."

तरी बरं वाटत होतं त्यांना. मान मागं टाकली. कपाळावरची आठी गेली. पलटणीतल्या कुणा आचाऱ्याची गोष्ट काढली, दोघं हसले. ह्यांचं हसणं मी विसरलेच होते. बराच वेळ बसू दिलं.

बाहेर काढल्यावर छबू म्हणाली, "आई, बाबांचा पाय लाल झालाय." पन्हळीचं पाणी जिथं पडतं, तिथंच पोटरी टेकली होती. संध्याकाळपर्यंत फोड आले. एवढं भाजलं आणि ह्यांना पत्ता नाही. भावजी कोपऱ्यात बसून स्वतःच्या डोक्यावर हात मारत होते – "माझंच चुकलं, जगन, माझंच चुकलं." हे शांत होते. मला म्हणाले, "आता बगितलंस न्हवं तू डोळ्यांनी? पटलं?"

पटलं.

१५ जानेवारी

दिवसभर फोडांना खोबरेल लावत बसले. काही लिहावंसं वाटत नाही.

१६ जानेवारी

ह्यांनी हट्टच धरला. "इतक्या लांब आलीस, समुद्र बघून ये. सावळाराम दावंल." मी म्हटलं, तुम्हाला एकट्याला टाकून कशी जाऊ? तर ओरडले. "जा म्हंतो न्हवं! हितं माज्या उशाला बसून काय हुतंय?" मी नकोशी झालेय त्यांना, असं वाटलं. डोळे पुसत निघाले.

छबू पुढं पळत होती. भावजी अंतर राखून चालत होते. पाण्यात पाय घातला तर पायाखालची वाळू सरकायला लागली. मी घाबरून ओरडले, तशी छबू हसली, मग मीही हसले. भावजींनी तिला कालवं दाखवली, खडकाला चिकटलेली. फोडून खायला दिली. ती मला कधी विचारत नाही इतके प्रश्न त्यांना विचारत होती. त्यांनी एकही टाळला नाही.

परतताना घर दिसलं आणि लक्षात आलं – इतका वेळ मला ह्यांची आठवणच आली नव्हती.

हे वाट बघत होते. "कसं वाटलं?"

"पाणी खारट आहे."

"सावळाराम लई चांगला मानूस हाय." मग छबूला जवळ बोलावून विचारलं, "काका आवडलं का गं तुला?" ती म्हणाली, लई. हे भिंतीकडे वळले.

१७ जानेवारी

आजही समुद्रावर पाठवलं. गेले. लवकर परत आले.

१९ जानेवारी, भोर

घरी आलो. भावजी ह्यांना खाटेवर ठेवून लगेच उलट्या गाडीनं गेले. चहासुद्धा घेतला नाही. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. सासूबाईंनी छबूला पोटाशी धरलं, सोडीचनात.

पोटरीची जखम चिघळलीय.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. ह्यांना मानानं बोलावलं होतं. आले नाहीत.

२७ जानेवारी

दुपारी छबू खेळायला गेली होती. मी ह्यांचा पाय धुऊन पट्टी बांधत होते. हे म्हणाले, "सावळाराम तयार हाय."

"कशाला?"

"तुला आन छबूला घ्यायला. रीतसर."

मला आधी कळलंच नाही. मग हातातली पट्टी सुटली.

"म्हणून नेलंत व्हय समुद्रावर?"

"गरम पान्यानं काय हुनार न्हाई, हे मला ठावं हुतं. तू तिशीची हायेस. म्या अजून किती वर्सं असा पडून ऱ्हाईन, कुनाला ठावं. आई हाय माज्यापाशी. पेन्शन हाय. तुज्याकडनं हे नको आता." एवढं बोलून दम लागला त्यांना.

सासूबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, एक माझ्याशिवाय.

"म्या काय शेरडू हाय, दावं बदलून दुसऱ्याच्या दारात बांधायला?" माझ्या तोंडून आईचीच बोली निघाली. हे म्हणाले, "न्हाईस. म्हनून तर इचारतोय. तू फकस्त न्हाई म्हन, चंद्रा. म्या पुन्यांदा नाव काढनार न्हाई."

मी उठून भांडी घासायला बसले. घासलेलीच परत घासली.

३१ जानेवारी

मी अजून नाही म्हटलेलं नाही.