कुलूप एकदाच ओढायचं

उस्मानपुरा, औरंगाबाद
धनत्रयोदशी

तीर्थस्वरूप अक्कास धाकट्या व्यंकटचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला आणि कन्नडची थंडी दोन्ही बेतात असोत. इकडं आम्ही खुशाल. मी तर जरा जास्तच खुशाल असल्याचं रक्त तपासल्यावर निघालं, ते सविस्तर सांगतो.

तुला माहीतच आहे, घराला कुलूप लावून मी चार पावलं जातो न जातो तोच परत फिरून ते ओढून बघतो. पुन्हा निघतो, पुन्हा फिरतो. तुझी भावजय भानुमती भाऊबीजेला परभणीला आपल्या भावाकडं जाते, कुलूप माझ्या हाती येतं, आणि तुझं ओवाळणीचं ताट दरसाल तसंच राहतं. (वाळूजच्या कारखान्यात मात्र याच सवयीपायी मला तपासनीस केलं. आता काय म्हणावं!) मागं आमचा फिटर सखाराम विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्याहून येताना घरी डोकावला, तेव्हा मी कुलपाला लोंबकळत होतो. म्हणाला, "साहेब, आम्ही इतकी वर्षं नामांतरासाठी रस्त्यावर उतरतोय, अन् तुम्हाला बहिणीकडं जायला उंबरा सुटंना व्हय?" लई लागलं, अक्का.

त्यानंच मला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. पुन्हा पुन्हा खात्री करणाऱ्या माझ्यासारख्यांच्या रक्तातली चरबी आणि स्वभावातला उतावळेपणा यांचा काही संबंध आहे का, याचं त्या संशोधन करतात. (आहे की नाही, ते त्यांनाही अजून ठाऊक नाही. मला हे फार आवडलं.) रक्त द्यायला अनशापोटी जायचं. पण महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर भानुमती दही-साखर ठेवल्याशिवाय राहते होय? मी चाटली आणि तिथं इमानदारीनं सांगून टाकलं; बाईंनी परत पाठवलं. दुसऱ्या खेपेस तिला बजावलं, तर "सुई टोचून घ्यायची अन् रिकाम्या तोंडानं?" म्हणत तिनं पुन्हा चमचा पुढं केला. शेवटी बाईंनी तिलाच वाटीसकट बोलावलं: आधी सुई, मग दही.

उतावळेपणाच्या प्रश्नांचं तर विचारूच नको. 'आपण विचार न करता कामं करता का?' असं त्यात होतं. मी म्हटलं, विचार करून सांगतो, आणि कागद घरी घेऊन आलो. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. निष्कर्ष असा: चरबी भरपूर, उतावळेपणा औषधालाही नाही. त्यांनी तूप तोडलं, गोळ्या दिल्या आणि एक सराव सांगितला. कुलूप एकदाच ओढायचं; जीव कासावीस झाला तरी मागं फिरायचं नाही. मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊ लागलोय, अक्का! दरदरून घाम फुटतो, पण जातो. भाऊबीजेचा शब्द मात्र देत नाही. तू आशेनं ताट मांडशील आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. यंदाही वाट बघू नकोस.

तुझा
व्यंकट

ता. क. आज भाऊबीज. पत्र अजून खिशातच आहे. पेटीत टाकलं असतं तर पडलं की नाही हे बघत तिथंच बसलो असतो. म्हणून ते घेऊन कन्नडच्या गाडीत चढलो. विचार केला नाही. अक्षर गाडीमुळं हलतंय.

आणखी ता. क. दाराच्या फटीतून आत सरकवतोय. दार उघड. ताट मांडलं नसलंस तरी चालेल. घराला कुलूप लावलं की नाही, खरंच आठवत नाही. तू विचारू नकोस.